डेरी, लंडनडेरी आणि ‘सेक्टेरियन’

एका वाचकाचा प्रश्न आहे. ते आयर्लंडमधल्या फुटबॉलवर मराठीत लिहितात. क्लबचं नाव ‘डेरी सिटी’, पण नकाशात उत्तर आयर्लंडमधलं हे शहर ‘लंडनडेरी’. एकसारखेपणासाठी दोन्हीकडे ‘लंडनडेरी’ लिहिलं तर चालेल का? आणि तिथल्या समर्थकांमधल्या ‘सेक्टेरियन’, म्हणजे कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट अशा तेढीला ‘सांप्रदायिक’ म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर स्पष्ट आहे: क्लबच्या नावाला हात लावू नका. ‘डेरी सिटी’ हे कुठल्या लांब नावाचं लघुरूप नाही. १९२८ साली क्लब निघाला तेव्हा हे नाव विचार करून ठेवलं गेलं. शहराचं अधिकृत ‘लंडनडेरी’ घेतलं असतं तर त्यातल्या ‘लंडन’च्या ब्रिटिश छापामुळे कॅथलिक वस्तीतले लोक दुरावले असते. त्याआधी शहरात ‘डेरी सेल्टिक’ नावाचा क्लब होता. तेच नाव पुढे चालवलं असतं तर प्रॉटेस्टंटांना तो आपला वाटला नसता, कारण ‘सेल्टिक’ म्हटलं की स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या आयरिश कॅथलिकांचा क्लब आठवतो. सगळ्या गावाला आपला वाटावा म्हणून दोन्ही टाळली. त्यात तुम्ही ‘लंडन’ जोडलंत तर ज्यांनी इतक्या काळजीने ते नाव ठेवलं त्यांचा हेतूच पुसला जाईल.

(जाता जाता: क्लबचं नाव ‘सेल्टिक’ असं ‘स’ने लिहावं. भाषा आणि संस्कृती ‘केल्टिक’. मराठी बातम्यांत ही गल्लत फार दिसते.)

आता शहराचं नाव. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ ओकची राई. आपल्या ‘देवराई’तली राई इथे अगदी चपखल बसते, कारण संत कोलंबाच्या मठाशी ही जागा परंपरेने जोडलेली आहे. १६१३ साली राजा पहिला जेम्स याने सनद दिली आणि वसाहतीत पैसा घालणाऱ्या लंडनच्या व्यापारी संघांवरून नावाच्या आधी ‘लंडन’ लागलं. १९८४ मध्ये नगर परिषदेने स्वतःच्या नावातून ‘लंडन’ काढलं, पण २००७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की परिषदेचं नाव बदलल्याने शहराचं बदलत नाही, अधिकृत नाव लंडनडेरीच. रस्त्यावरच्या पाट्यांवर हा वाद डोळ्यांना दिसतो: पाटी शाबूत, ‘डेरी’ शाबूत, फक्त ‘लंडन’ एवढ्याच अक्षरांवर रंग फासलेला. जेरी अँडरसन हे तिथले रेडिओ निवेदक शहराला ‘स्ट्रोक सिटी’ म्हणत. स्ट्रोक म्हणजे दोन नावांच्या मधली ती तिरकी रेघ.

मात्र ‘कॅथलिक म्हणतो डेरी, प्रॉटेस्टंट म्हणतो लंडनडेरी’ असं सरधोपट लिहू नका. १६८८ साली कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सच्या सैन्यापुढे ज्या शिकाऊ कारागीर पोरांनी वेशीचे दरवाजे लावून घेतले, त्यांच्या स्मरणार्थ चालणारी कट्टर प्रॉटेस्टंट संघटना स्वतःला ‘अप्रेंटिस बॉइज ऑफ डेरी’ म्हणवते. म्हणजे हा शब्द मुळात कुणा एकाच्या मालकीचा नाही. आज मात्र औपचारिक प्रसंगी कोण कुठलं नाव घेतो यावरून माणूस जोखला जातो, आणि लिहिणाऱ्याला हे ठाऊक हवं.

क्लबवरही ही तेढ कोसळली. सप्टेंबर १९७१ मध्ये त्यांच्या ब्रँडीवेल मैदानावर सामना चालू असताना पाहुण्या बॅलिमीना युनायटेडची बस पळवून जाळली गेली. त्यानंतर डेरी सिटीला ‘घरचे’ सामने तीसेक मैलांवरच्या कोलरेनला खेळावे लागले. ब्रँडीवेलला परतायची परवानगी मिळेना, तेव्हा १९७२ मध्ये क्लबने उत्तर आयर्लंडची लीगच सोडली. तब्बल तेरा वर्षं वरच्या दर्जाचं फुटबॉल नाही! १९८५ मध्ये तो सीमेपलीकडच्या, आयर्लंड प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये गेला आणि आजही तिथेच खेळतो.

दुसरा प्रश्न मला जास्त जिव्हाळ्याचा आहे. ‘सांप्रदायिक’ नको. ‘संप्रदाय’ हा मराठीत मानाचा शब्द: वारकरी संप्रदाय, नाथ संप्रदाय. त्याला दंगलीचा वास हिंदीच्या वापरामुळे लागतो. जुन्या बातम्यांत ‘जातीय दंगल’ असे, पण इथे जातीचा संबंध नाही. ‘धार्मिक तेढ’ही नेमकं नाही, कारण दोन्ही बाजू ख्रिस्तीच. माझी पसंती ‘पंथीय तेढ’, आणि गोष्ट शिवीगाळीवर गेली असेल तर ‘पंथद्वेष’. जिथे भांडण आयर्लंडचं एकीकरण हवं की ब्रिटनशी निष्ठा, याचं असेल, तिथे पंथ न आणता ‘आयरिश राष्ट्रवादी’ आणि ‘ब्रिटननिष्ठ’ लिहा.

एक शब्द खास सांभाळा: ‘फेनियन’. इतिहासाच्या पुस्तकात तो एकोणिसाव्या शतकातला आयरिश क्रांतिकारक. ग्लासगोच्या स्टँडमधून तोच शब्द कॅथलिकांवर फेकला जातो तेव्हा ती शिवी असते. तिथे ‘क्रांतिकारक’ असं भाषांतर केलं तर शिवीचा गौरव होईल. शब्द तसाच ठेवून पुढे अर्धं वाक्य खुलासा द्या.

तेव्हा तुमच्या लेखाची सुरुवात अशी करता येईल: ‘उत्तर आयर्लंडमधल्या डेरी (अधिकृत नाव लंडनडेरी) शहरातला डेरी सिटी हा क्लब…’ पुढे सगळीकडे डेरी. कुणी बोलताना ‘लंडनडेरी’ म्हणालं असेल, तर त्याच्या तोंडी तेच ठेवा.