हेलिकॉप्टर मिळालं म्हणून तोंड पाडून बसलेल्यास

अरे बाळा,

तुझा मेसेज वाचला. ट्रेनिंगमध्ये पुढं काय उडवायचं ती स्ट्रीम लागली, फायटर नाही, हेलिकॉप्टर, आणि आईला अजून सांगितलं पण नाहीस. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला तेव्हा दिवसभर मला व्हिडिओ पाठवत होतास, त्यामुळे तुझं काय झालं असेल ते कळतं मला. पण धीर वगैरे देत बसणार नाही, डुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीपर्यंत पोचलास म्हणजे दम आहेच. कामाचं एकच सांगतो: वजन स्वतः मोज.

हसू नको. मी नव्यानं चीता हेलिकॉप्टर उडवायला सियाचीनला गेलो तेव्हा मला पण वाटायचं की कौशल्य म्हणजे हात, नजर, धाडस वगैरे. तिथं कळलं की सगळा खेळ किलोचा आहे. 18,000 फुटावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, म्हणजे पात्यांना धरायला हवा कमी आणि इंजिनाला प्यायला पण कमी, आणि आपल्या चौक्या त्याच्याही वर. त्यात ऊन चढलं की हवा अजून विरळ होते, सकाळी सातला जे मशीन जेवढं उचलतं ते अकराला उचलत नाही, मशीन तेच, पायलट तोच. 20 लिटर रॉकेलचा जेरीकॅन डबा धरून साधारण 20 किलो भरतो. वरच्या चौकीला तो एक जेरीकॅन म्हणजे बुखारी, म्हणजे शेकायची शेगडी, चहा, बर्फ वितळवून पाणी, सगळं. म्हणून खालचा प्रत्येक माणूस म्हणणार, सर एक और ले जाओ, आणि त्याचं म्हणणं खोटं नसतंच रे, वर त्याचीच पोरं कुडकुडत असतात. पण ही काय वडाप नाही, सरकून बसा म्हटलं की जागा होईल!

मी हेल्मेटच्या पिशवीसोबत बाथरूममधला वजनकाटा घेऊन फिरायचो. लोक हसायचे. एकदा आपल्या कराडकडचा एक मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान खाली यायला उभा होता, विचारलं वजन किती, म्हणाला सत्तर साहेब. काट्यावर उभा केला, बूट, पार्का, रायफल, पाठीवरचा पिट्टू धरून काटा शंभरावर गेला. तो काही खोटं बोलत नव्हता, त्याला भरतीच्या मैदानात चड्डीवर केलेलं वजन आठवत होतं. सगळे असंच वजन सांगतात. म्हणून म्हणतो, सांगितलेला आकडा धरायचा नाही. सीनियरनं सांगितलेला तर अजिबात नाही.

तुला ठाऊक आहे का, 1972 मध्ये ज्याँ बुले या फ्रेंच पायलटनं हेलिकॉप्टर 12,442 मीटरवर नेलं, ते आपल्या चीताचंच मूळ मशीन, लामा. सगळे सांगतात रेकॉर्ड, रेकॉर्ड. कोणी हे सांगत नाही की त्यासाठी मशीनमधलं नको ते सगळं काढून टाकलं होतं. म्हणजे तो विक्रम पण किलो मोजूनच झाला. वर इंजिन बंद पडलं आणि गडी नुसत्या फिरत्या पात्यांवर खाली उतरला, ते वेगळंच.

आता तुझं. तू लिहिलंस की फायटरवाल्यांपुढे आपण दुय्यम. कोणी मोजलं हे? मेसमधल्या गप्पांनी की मोबाइलवरच्या रील्सनी? तो आकडा तुझा नाहीच, कुणीतरी सांगितला आणि तू लोड शीटवर, म्हणजे वजनाच्या हिशेबाच्या कागदावर, चढवून मोकळा झालास. फली मेजर 2007 मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले, हेलिकॉप्टर पायलट असून, तोवर कुठलाच हेलिकॉप्टरवाला तिथं पोचला नव्हता. पण हे उदाहरण मी चिकटवत नाही, कारण प्रमुख व्हायला म्हणून कोणी हेलिकॉप्टर उडवत नाही, आणि उडवत असेल तर त्यानं माझ्या पुढं येऊ नये.

माझं विचारशील तर मला युनिटची कमांड मिळाली नाही. खंत आहे, खोटं कशाला बोलू. एका सकाळी मी दोन जेरीकॅन उतरवून ठेवले, एका मोठ्या साहेबांना ते आवडलं नाही, पुढे माझ्या रिपोर्टमध्ये 'अडेलतट्टू' असा काहीसा शब्द आला. बायको आजही म्हणते, त्या दिवशी जरा नरमाईनं सांगितलं असतंस तर? नरमाईनंच सांगितलं होतं. काट्यावर ठेवून दाखवलं होतं. आकडा नरम होत नाही त्याला मी काय करू? तेच दोन कॅन दुसऱ्या दिवशी पहाटे गेले की वर, कोणी गोठलं नाही. आणि हे मी सफाई म्हणून सांगत नाहीये... बरं, थोडं सफाई म्हणून पण सांगतोय.

पुढे पेन्शन घेऊन जुहूला आलो, तिथून समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेली. तिथं प्रत्येक प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करतात, इंजिनिअर असो नाहीतर स्वयंपाकी, कोणी हसत नाही. पहिल्या दिवशी ते बघून इतका आनंद झाला की घरी येऊन बायकोला तेच तेच सांगत बसलो, ती वैतागली.

तर हकीमपेटला हेलिकॉप्टर शिकायला गेलास की पहिल्याच आठवड्यात परफॉर्मन्सचे तक्ते हातानं सोडव, ॲपवर नाही, पेन्सिलीनं. तापमान दहा अंशांनी वाढव आणि बघ किती किलो जातात. मग उंची वाढव. चेतकवर, तिथल्या शिकायच्या हेलिकॉप्टरवर, आधी शिक, घाई नको. इन्स्ट्रक्टर म्हणेल होईल रे, तरी मोज. तो रागावला तर रागावू दे, पण उर्मटपणा करू नको, कागद पुढं कर आणि गप्प उभा राहा.

आणि आज संध्याकाळी आईला फोन कर, ती मला दोनदा विचारून गेली आणि मला खोटं बोलता येत नाही. स्ट्रीम बदलायचा अर्ज लिहून ठेवला असशील तर मला वाचायला पाठवू नको, त्यातलं शुद्धलेखन पण मी तपासणार नाही.

तुझा काका