आजोबांची फियाट: आधी नाव, मग इंजिन, मग व्हिंटेज

प्रश्न : आजोबांची १९६६ सालची फियाट ११०० डी मी २०१३ पासून साताऱ्यात घरच्या शेडमध्ये पूर्ववत करतो आहे. आजोबा २००३ मध्ये वारले, मृत्युपत्र केलं नव्हतं. आजी त्यांच्याआधी गेली. आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि नोंदणीची मुदत २००६ मध्ये संपली. इंजिनचा मूळ ब्लॉक (ओतीव सांगाडा) तडकल्यामुळे जुन्या बाजारातून प्रीमियर पद्मिनी गाडीचा ब्लॉक आणून बसवला, त्याची पावती नाही. गाडी चालू झाल्यावर आत्या अर्धा वाटा मागते आहे. "ही तुझीच" असं आजोबा मला म्हणायचे. एजंट म्हणतो, वीस हजार भरा, व्हिंटेजमध्ये करून देतो. काय करू?

उत्तर : एजंटाचा आकडा बरोबर आहे, क्रम चुकला आहे. व्हिंटेज, म्हणजे ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीच्या अर्जासोबत विमा पॉलिसी आणि जुनं आरसी लागतं. मृत माणसाच्या नावावर पॉलिसी निघत नाही, म्हणून सुरुवात नावापासून.

आत्याचं म्हणणं कायद्याने खरं आहे. गाडी आजोबांची स्वकष्टार्जित असेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ८ नुसार ती पहिल्या वर्गाच्या वारसांकडे समान हिश्श्याने जाते, म्हणजे इथे तुमचे वडील आणि आत्या यांच्याकडे. वडील हयात असताना नातू म्हणून तुमचा हिस्सा शून्य. "इतकी वर्षं ताबा माझ्याकडे आहे" हा मुद्दाही फारसा टिकत नाही, कारण एका सहमालकाकडचा ताबा साधारणपणे सगळ्यांच्या वतीने धरला जातो. आजोबांच्या बोलण्याचं म्हणाल, तर जंगम वस्तूचं बक्षीस नुसत्या ताबा देण्यानेही पूर्ण होतं (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १२३). पण आजोबांनी हयातीत किल्ली आणि कागद तुमच्या हाती दिले, हे सांगणारा साक्षीदार हवा. तो नसेल तर यावर दावा उभा करू नका.

त्यापेक्षा आत्याशी बसून बोला. २०१३ नंतरची पत्रा, रंग, क्रोम, वायरिंग यांची बिलं काढा. वाद कोर्टात गेलाच तर हिशोबात तुमचा खर्च मांडता येतो, पण पावती असेल तेवढाच. रक्कम ठरली की आत्या आणि वडील दोघांकडून तुमच्या नावे हक्कसोडपत्र किंवा ना-हरकत प्रतिज्ञापत्र योग्य मुद्रांकावर, नोटरीसमोर करून घ्या. मोटार जंगम मालमत्ता असल्याने दुय्यम निबंधकाकडे नोंदणीची सक्ती नाही.

मग गाडी वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ आरटीओत भरा, सोबत मृत्यूचा दाखला, आरसी आणि वारसांची कागदपत्रं. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवणं आणि ३ महिन्यांत अर्ज करणं अपेक्षित होतं. उशिराबद्दल दंड भरावा लागेल, पण तेवढ्यावर हक्क जात नाही.

आता इंजिन, कारण खरा गुंता इथेच आहे. दोन्ही ब्लॉक १०८९ सीसीचे असले तरी आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार विनापरवानगी केलेला बदल १४ दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. विक्रेत्याला गाठून पावती, ज्या गाडीतून ब्लॉक काढला तिचा नोंदणी क्रमांक आणि ती नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळवा. ब्लॉकवरचा नंबर चोरीच्या वाहनांच्या नोंदीत नाही ना, हे पोलिसांकडून तपासून घ्या. ब्लॉक चोरीचा निघाला तर भारतीय न्याय संहितेचं चोरीच्या मालाबद्दलचं कलम ३१७ दारात येतं. आणि कुणी मेकॅनिक "जुना नंबर नव्या ब्लॉकवर पंच करून देतो" म्हणाला तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. नोंदीतली चूक दुरुस्त होते, खोटा नंबर मारलात तर फौजदारी प्रकरण होतं.

तडकलेला मूळ ब्लॉक भंगारात घातला नसेल अशी आशा आहे. ओतीव लोखंडाची चीर मेटल स्टिचिंगने (वेल्डिंगऐवजी धातूच्या पिना बसवून) बऱ्याचदा भरते. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल न झालेली गाडी. मूळ ब्लॉक परत बसला तर वादच मिटतो. तुमच्या फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सांगाडा आहे. त्यामुळे गंजलेली फ्लोअर बदलली असेल तर आधीचे-नंतरचे फोटो आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप फाइलला लावा. नंबर असलेला पत्रा कापू नका.

शेवटी व्हिंटेज घ्यायचं का? शुल्क २०,०००, वैधता १० वर्षं, पुढच्या पुनर्नोंदणीला ५,०००. जुना नंबर राखता येतो. पण गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि देखभालीसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारी कास पठारावर फिरून येणं यात बसत नाही. तशी हौस असेल तर फॉर्म २५ भरून साधं नूतनीकरण करा. ते ५ वर्षांचं असतं, वर पर्यावरण कर आणि विलंबशुल्क. विलंबशुल्काचा हिशोब आरटीओकडून लेखी मागा, एजंटाच्या तोंडी आकड्यावर पैसे देऊ नका. मला विचाराल तर गाडी चालवायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

तोवर ती चालवत आरटीओत नेऊ नका, टोइंगच्या गाडीवर घालून न्या. वैध नोंदणीशिवाय रस्त्यावर सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि विमा नसताना कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल.