डॉल्फिन किक सुधारायला मुलीला फिन्स घ्यावेत का?

ताई, तुमची मुलगी साकोलीकडच्या मालगुजारी तलावात पोहायला शिकली, आता रविवारी जिल्ह्याच्या टँकवर जाते आणि भिंत ढकलल्यावर पाण्याखाली डॉल्फिन किकमध्ये (दोन्ही पाय जोडून लाटेसारखी मारायची लाथ) मागे पडते, म्हणून फिन्स (पायात घालायची रबरी पाती) घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

घ्या. पण वेगासाठी नको, पाय वर नेताना पाणी कसं ढकलायचं हे कळावं म्हणून घ्या. तलावात शिकलेली पोरं खाली लाथ जोरात हाणतात आणि वर येताना पाय नुसते सोडून देतात. मी शिकवतो त्या बहुतेकांचं असंच असतं. फिन्स घातले की वर जाणाऱ्या पायालाही पाणी अडतं, मांडीचा मागचा भाग आणि कुल्ले कामाला लागतात. तिला पाण्याखाली कुशीवर किक मारायला सांगा. काठावरून लगेच दिसतं: हात आणि छाती स्थिर हवी, लाट बरगड्यांच्या खालून निघायला हवी. गुडघा पोटाकडे येत असेल तर किक लहान करायला लावा.

आणि फिन्सची सवय लागू देऊ नका. एक फेरी घालून, पुढची काढून, तेवढ्याच अंतराला किती किक लागल्या ते मोजत. खरी सुधारणा काढल्यानंतरच्या फेरीत दिसते. स्पर्धेत फिन्स चालत नाहीत. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीला आणि वळणानंतर 15 मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं, त्यामुळे सराव तेवढ्याच अंतराचा ठेवा. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकीने पाण्याखालच्या किकच्या बळावर 100 मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं, मर्यादा त्यानंतर आली.

हे सगळं टँकवरच, ताई. तलावात अजिबात नको. गढूळ पाण्यात बुडी मारलेलं लेकरू काठावरून दिसत नाही, शिंगाड्याच्या वेलीत फिन अडकतो. टँकवरही बुडीआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, दम धरण्याची पैज लावायची नाही. त्यात माणूस कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध होतो. एक मोठं माणूस फक्त तिच्याकडे बघत उभं हवं, आणि दर फेरीनंतर दम पूर्ण भरेपर्यंत थांबायचं.

फिन्स तोकड्या पात्याचे, मऊ रबराचे घ्या. लांब पात्याने किकची लय मंदावते. पुढच्या वर्षीही होतील म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका, टाच सोलून निघते. सुरुवातीला पातळ मोजे घालू द्या, आणि पोटरीत गोळा आला तर त्या दिवशी फिन्स बाजूला ठेवा.