संत्रा पहिल्यांदाच जहाजाने पाठवताय? आधी हे चार शब्द

भाऊ, वरुडचा संत्रा बाहेर पाठवायचं ठरवलं, बढिया केलं. सगळे शब्द एकदम पाठ करत बसू नका, पहिल्या कंटेनरला चार पुरतात.

रीफर म्हणजे थंड कंटेनर. नवे लोक सगळ्यात जास्त इथंच चुकतात. तो थंडावा टिकवतो, बागेतून आलेला गरम माल झपाट्यानं थंड करत नाही. म्हणून फळ आधी प्री-कूलिंगमधून, म्हणजे भरण्याआधीच्या थंड करण्यातून काढा. आत भिंतीवर लाल रेघ असते, तिच्यावर एकही पेटी चढवू नका. वरून हवा फिरायला जागा राहत नाही आणि मधला माल गरम राहून सडतो.

कट-ऑफ ही जहाज सुटायची तारीख नव्हे. ती बंदरात कंटेनर पोचवायची शेवटची वेळ, आणि ती आधीच संपते. नागपूर ते न्हावा शेवा रस्ता लांबचा आहे, एक दिवस हाताशी ठेवाच.

- डेमरेज, डिटेन्शन: भरलेला कंटेनर बंदरात जास्त दिवस पडून राहिला तर लागणारे पैसे म्हणजे डेमरेज; बंदराबाहेर तुमच्याकडं जास्त दिवस राहिला तर लागणारे पैसे म्हणजे डिटेन्शन. किती दिवस हे पैसे लागत नाहीत, ते मोफत दिवस लेखी घ्या.
- बिल ऑफ लेडिंग: जहाज कंपनीनं दिलेली मालाची पावती. मसुद्यातच नाव, पेट्या, वजन तपासा. नंतरच्या दुरुस्तीला पैसे लागतात.

एफओबी, सीआयएफ (जहाजाचं भाडं-विमा कोण भरणार, ते सांगणारे भावाचे प्रकार) भाव ठरवताना समजून घेऊ.