धुळ्याच्या तालमीतला भाचा आता ब्राझिलियन जिउ-जित्सूत (जमिनीवर पकडून समोरच्याला हार मानायला लावायचा खेळ) मेडल आणतोय. त्याचा पाया पक्का आहे का, कसं ओळखायचं?

मेडल बाजूला ठेवा, तो खाली सापडल्यावर काय करतो ते बघा. आपल्या खान्देशातल्या तालमीतली पोरं टेकडाउन (उभ्याने समोरच्याला खाली पाडणं) जोरदार मारतात, पण इथे त्याचे गुण 2च. गार्ड पास केला, म्हणजे खालच्याच्या पायांची अडवण ओलांडली, तर 3; माउंट (समोरच्याच्या अंगावर बसणं) किंवा पाठ (मागून पकड) मिळवली तर 4. कुस्तीत पाठ टेकू नये म्हणून पोरगं पटकन पालथं होतं. इथे तीच सवय घात करते: समोरचा पाठीवर चढतो आणि गळा आवळतो. भाचा खाली असताना कोपरं बरगड्यांना चिकटून ठेवतो का? कंबर सरकवून गुडघा मध्ये घालतो का? शेवटच्या मिनिटाला, दम लागलेला असतानाही हे जमत असेल, तर पोरगा खरंच तयारीचा आहे. वजनाने भारी जोडीदाराबरोबरचा त्याचा सराव जरूर बघा, तिथे नुसती ताकद चालत नाही.