आरडाओरड सोडा, आधी त्या चौकशीचं बघा

पत्र (संक्षिप्त): ताई, मी एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका सहकाऱ्याची रजा नामंजूर झाली. निर्णय वरचा होता, पण कळवायचं काम माझ्याकडे आलं. तो सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, हातातला खोका आपटला आणि ‘तुला बघून घेईन’ म्हणाला. तेव्हापासून तो गप्प आहे, काम निमूट करतो. परवा वॉचमन सहज बोलून गेला, की मी किती वाजता निघते आणि गाडी कुठे लावते, हे तो विचारत होता. मॅनेजर म्हणतात, ‘तोंडाचा फटकळ आहे, मनात काही नसतं. दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू.’ तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल आणि तो आणखी पेटेल, अशी भीती वाटते. मी उगाच बाऊ करतेय का?

उत्तर: नाही. उलट ज्या गोष्टीचा बाऊ करायला हवा, ती तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात.

रागाच्या भरात होणारी हिंसा आणि ठरवून केलेली हिंसा यांची लक्षणं वेगळी असतात. पहिलीत आवाज चढतो, चेहरा लाल होतो, हात आपटले जातात. माणसाला जागा आणि वेळ मिळाली तर बहुतेकदा ते काही मिनिटांत ओसरतं. दुसरी शांतपणे होते. मनात धरलेला राग, मग माहिती गोळा करणं, जवळपास कोणाकडे तरी बोलून दाखवणं, असा तिचा प्रवास असतो. ‘बघून घेईन’ हे शब्द पहिल्या प्रकारातले. निघायची वेळ आणि गाडीची जागा विचारणं दुसऱ्या प्रकारात मोडू शकतं. त्यामागे साधं कारण असेलही, पण ते कोणीतरी तपासायला हवं, आणि तपासणाऱ्या तुम्ही नव्हेत.

आजच लिहायला बसा. ‘तो फार आक्रमक झाला’ हे लिहून उपयोग नाही, कारण त्यावर वाद घालता येतो. असं लिहा: तारीख, वार, वेळ, जागा, तो किती अंतरावर उभा होता, त्याचे नेमके शब्द, शिवी असेल तर तीसुद्धा, हातात काय होतं (गोदामात बहुतेकांच्या खिशात खोके कापायचा कटर असतो, तो बाहेर होता का, हे आठवा), कोण कोण हजर होतं, त्यानंतर तुम्ही काय केलंत. वॉचमनचं म्हणणं तुमच्या कागदात कोंबू नका. त्याने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, हे वॉचमनला स्वतःच्या शब्दांत लिहून सही करू द्या. कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तीन आठवड्यांपूर्वीचं कदाचित गेलं असेल, गेटवरचं परवाचं अजून असेल. ते राखून ठेवावं, अशी ईमेलने मागणी करा. तोंडी सांगितलेलं हमखास राहून जातं. सगळ्याची एक प्रत कार्यालयाच्या कॉम्प्युटरबाहेर ठेवा.

आता मॅनेजरांचा तोडगा. समोरासमोर बसवून मिटवणं हे दोन सारख्या बाजूंच्या भांडणासाठी ठीक. इथे एकाने धमकी दिली आहे, दुसरीला ती मिळाली आहे. एका टेबलावर बसवलं की ‘तुमचंही काहीतरी चुकलं असेल’ हा सूर लागतोच. शिवाय तुम्ही किती घाबरला आहात, हे त्याला फुकटात कळतं. या बैठकीला नम्रपणे, पण लेखी नकार द्या.

मग मागायचं काय? शिक्षा नको, धोक्याचं मूल्यमापन मागा. व्यवस्थापन, एचआर आणि सुरक्षा यांच्यातल्या दोघातिघांनी त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलावं. रजा कशासाठी हवी होती? हा प्रश्न अजून कोणी विचारलेला दिसत नाही, आणि कधीकधी सगळी गाठ तिथेच असते. त्याने इतर कोणाकडे काही बोलून दाखवलं का? शस्त्राचा विषय काढला का? अलीकडे घरी किंवा पैशांच्या बाबतीत मोठा धक्का बसला का? तुमची चौकशी का केली? याची उत्तरं येईपर्यंत त्याची शिफ्ट बदलावी, तुमची नव्हे. पुढचे नकार आणि मेमो त्याला दुसऱ्या कोणीतरी कळवावेत.

नोकरी जाण्याबद्दलची तुमची भीती रास्त आहे. ‘एक धमकी, थेट बडतर्फ’ असा नियम जिथे असतो, तिथे लोक तुमच्यासारखेच तक्रार गिळून टाकतात. काढून टाकल्याने धोकाही संपत नाही. तो गेटबाहेर जातो आणि त्याच्यावर कोणाचं लक्ष राहत नाही. काढायची वेळ आलीच तर बैठक थोडक्यात, खासगीत आणि दोघांनी मिळून घ्यावी. प्रवेशपत्र त्याच वेळी बंद व्हावं, सामान सगळ्यांदेखत गोळा करायला लावू नये, आणि उरलेल्या पैशांसाठी एका माणसाचा नंबर द्यावा. अपमान जितका कमी, तितकी तुम्ही सुरक्षित.

तोवर निघायची वेळ रोज थोडी बदला, गाडी गेटजवळ उजेडात लावा, गाडीपर्यंत कोणालातरी सोबत घ्या. तुमची माहिती कोणालाही द्यायची नाही, असा लेखी आदेश गेटवर हवा. मदतीचं बटण असेल तर ते दाबून बघा. कित्येक ठिकाणी ते अशा खोलीत वाजतं, जिथे रात्रपाळीला कोणी नसतं.

तो समोर आलाच तर दोन हात अंतर ठेवा, किंचित तिरकं उभं राहा, हात दिसतील असे ठेवा. त्याची आणि दाराची वाट अडवू नका, आणि तुमचीही अडू देऊ नका. वाक्यं छोटी, आवाज खालचा. ‘शांत हो’ म्हणू नका, त्याने माणूस हटकून भडकतो. ‘रजेचं मी आत्ता ठरवू शकत नाही. एचआरला आज भेटायचंय की उद्या?’ एवढं पुरे. कटर बाहेर निघाला तर बोलणं थांबवा आणि निघा. हिसकावायला जाऊ नका.

तो पाठलाग करू लागला, घराशी आला, शस्त्र दाखवलं किंवा दिवस-जागा सांगून धमकी दिली, तर थेट पोलिसांना फोन करा. त्यासाठी मॅनेजरांची परवानगी लागत नाही.

‘हे गोदामाबाहेरचं आहे’ असं कोणी म्हणालंच, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० दाखवा. त्यात एकदाच दिलेली धमकीही हिंसेत मोजली आहे आणि कामावर येण्याजाण्याची वाटही धरली आहे. तुमच्या देशाने तो मान्य केलाय का, हे बघून घ्या. नसला तरी कंपनीचं धोरण मागताना तो हाताशी असू द्या.

मूल्यमापन एकदाच करून फाईल बंद होऊ देऊ नका. त्याचा पुढचा रजेचा अर्ज, पगारवाढीचा निकाल, त्याच्यावर कंपनीची चौकशी बसली तर तिचा निर्णय या तारखा आधीच नोंदवा आणि प्रत्येकीच्या आधी त्या दोघातिघांनी पुन्हा बसावं, हे लेखी ठरवून घ्या.