वुशू, कुंग फू की ताय ची: पत्रकात काय लिहायचं?

प्रश्न असा आलाय: मुलगी चिनी युद्धकलेच्या ज्या क्लासला जाते त्याचं मराठी पत्रक करायचंय, सर म्हणतात वुशू, पालक म्हणतात कुंग फू, आणि सकाळी ज्येष्ठांची 'ताई ची'ची बॅच असते. हे सगळं एकच का? आणि 'ची' म्हणजे प्राणशक्ती असेल तर ताई ची लिहायचं की ताई छी?

शेवटचं आधी घेतो कारण माझा जीव त्यातच जास्त अडकलाय. ताय चीमधल्या 'ची'चा प्राणशक्तीशी काही संबंध नाही. हा ची म्हणजे टोक, परिसीमा, आणि ताय ची म्हणजे ज्यातून यिन आणि यांग निघाले असं चिनी तत्त्वज्ञान मानतं ते मूळ तत्त्व. प्राणशक्तीवाला शब्द वेगळा, त्याचं चित्राक्षर वेगळं आणि उच्चारही वेगळा, तो आहे 'छी'. चिनीत आपल्यासारखाच अल्पप्राण-महाप्राण भेद आहे, क-ख, त-थ, च-छ. वेड आणि जाइल्स या दोन इंग्रज अभ्यासकांच्या जुन्या रोमन लेखनपद्धतीत महाप्राण दाखवायला वर एक छोटी खूण असायची, पण बाहेरच्या देशांत पुस्तकं नि पोस्टरं छापताना ती खूण गळाली आणि ची, छी दोन्हीचं स्पेलिंग एकच झालं, तिथून हा घोळ जगभर गेला. आपल्या लिपीत दोन्ही अक्षरं धडधडीत वेगळी आहेत, तर तो घोळ आपण का उचलायचा? बीजिंगच्या उच्चाराला जवळचं लिहायचं तर पूर्ण नाव 'थाय-ची-छ्वेन' होईल, छ्वेन म्हणजे मूठ, म्हणजेच मुष्टियुद्धाचा प्रकार. पत्रकात ताय ची लिहा, सगळ्यांना कळेल. 'ताई ची' नको, बहिणीची काहीतरी वस्तू असल्यासारखं वाचलं जातं.

हाच न्याय कुंग फूला. हल्लीच्या अधिकृत रोमन लेखनात तो शब्द ग ने सुरू होतो म्हणून काही जण शुद्ध म्हणून 'गोंग फू' लिहितात, पण तो आपला घोष ग नाहीच, तो साधा अल्पप्राण क आहे. इंग्रज माणूस सुरुवातीचा क बोलताना हवा सोडतो, ख च्या जवळ जातो, आपण सोडत नाही. म्हणजे आपल्या आजीने पिक्चरचं नाव घेताना म्हटलेलं 'कुंग फू' मँडरिनच्या, म्हणजे प्रमाण चिनीच्या, जास्त जवळ. स्वर थोडा ओ कडे झुकतो, सूर वेगळे, पण तेवढं चालायचंच.

आता अर्थ. चिनीत कुंग फू म्हणजे मुळात मारामारी नाहीच, वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब, मग ते कशातलंही असो. क्वांगतुंग प्रांतातल्या छाओचौ भागात छोट्या किटलीत भरपूर पत्ती घालून, इवल्या कपांत पुन्हा पुन्हा ओतून चहा देतात, त्यालाही 'कुंगफू चहा'च म्हणतात. हात बसायला वेळ लागतो म्हणून. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला 'तालीम' वाटतो, मूळ अरबी अर्थ शिक्षण, आपल्याकडे तो कुस्तीचा सराव आणि सरावाची जागा झाला. मार्शल आर्ट हा कुंग फूचा अर्थ जगभर पक्का केला तो १९६०-७० च्या दशकांतल्या हाँगकाँगच्या सिनेमांनी आणि ब्रूस ली यांनी.

सरकार आणि संघटना जेव्हा ही विद्या बाहेर न्यायला निघाल्या तेव्हा त्यांनी दुसरे शब्द पुढे केले. १९१० मध्ये शांघायला सुरू झालेल्या 'चिंग वू' संस्थेने पुढे सिंगापूर-मलायापर्यंत शाखा काढल्या, तिच्या नावातला वू हाच वुशूतला वू. १९२८ मध्ये नानचिंगला केंद्रीय संस्था निघाली ती मात्र 'क्वोशू' नावाने, क्वो म्हणजे राष्ट्र, काळच तसा होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या क्वोशूचं पथक प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं आणि त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही आपले देशी खेळ दाखवत होतं, हे वाचलं की मला आजही भारी वाटतं, दोन देश, दोघेही आपली तालीम जगापुढे मांडतायत. तैवानमध्ये क्वोशू शब्द अजून चालतो. चीनने १९४९ नंतर 'वुशू' धरला, वू म्हणजे युद्धाचं, शू म्हणजे कला. जपानी लोक हीच दोन अक्षरं 'बुजुत्सु' वाचतात.

आणि इथे खरा फरक पडतो. १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये वुशू पदकांचा खेळ झाला, आंतरराष्ट्रीय महासंघ त्याच वर्षी निघाला, १९९१ ला पहिली जागतिक स्पर्धा. स्पर्धा म्हटली की गुण आले, गुण आले की सगळ्यांना एकच नियम आला. त्यामुळे स्पर्धेतल्या थाओलूत, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सादरीकरणात, हवेत दोन गिरक्या घेऊन अचूक उतरण्याला गुण असतात, आणि हनान प्रांतातल्या छन-च्या-कोउ गावात पिढ्यान्‌पिढ्या शिकवतात ती संथ, जमिनीला धरून चालणारी ताय ची वेगळी दिसते. जुन्या परंपरेचे गुरू म्हणतात खेळ करताना विद्या पातळ झाली, त्यात तथ्य आहे असं मलाही वाटतं, पण मणिपूरची रोशिबिना देवी २०२३ च्या हांगचौ एशियाडमध्ये सांडात, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, रौप्य जिंकते ते या खेळामुळेच, हेही तितकंच खरं.

म्हणून पत्रकात असं करा. मुलांची बॅच स्पर्धेची असेल, थाओलू किंवा सांडा शिकवत असतील, तर 'वुशू' लिहा, कुंग फू नको, पालक पुढे स्पर्धेचा फॉर्म भरतील तेव्हा तिथे हाच शब्द असेल. सर एखादी जुनी घराण्याची शैली शिकवत असतील तर खुशाल 'पारंपरिक कुंग फू' म्हणा आणि शैलीचं नाव द्या. ताय ची ही तशी वुशूच्याच मोठ्या कुटुंबातली, तरी ज्येष्ठांच्या बॅचला तिचंच नाव ठेवा, नाहीतर आजोबा उड्या मारायला लागतील की काय म्हणून घरचे घाबरतील. लिंगाचं म्हणाल तर वुशू, कुंग फू दोन्ही नपुंसकलिंगी बसतात, 'मला वुशू आवडलं', 'ते कुंग फू अवघड आहे', ताय ची मात्र ईकारान्त असल्याने सहज स्त्रीलिंगी होते. आणि खेळाडूला 'वुशूपटू' म्हणा, पेपरवाल्यांनी रुळवलेला हा शब्द छान आहे.